नावं वाचत चला: क्रॉफर्ड मार्केट ते गिरगाव, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मुंबईत नव्याने राहायला आलेला माणूस 'जुनी मुंबई बघायची' म्हणाला की लोक त्याला फोर्टात पाठवतात. फोर्ट देखणा आहे, बघावाच. पण तो राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी बांधून घेतला. या शहरात पोटासाठी आलेल्या लोकांनी स्वतःच्या हिमतीवर वसवलेली मुंबई क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे सुरू होते. १८०३ साली कोटाच्या आत मोठी आग लागली. त्यानंतर दाटीने राहणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना कोटाबाहेर, उत्तरेला जागा घ्याव्या लागल्या. आज आपण ज्याला काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणी म्हणतो तो भाग तेव्हापासून झपाट्याने भरत गेला. गिरगाव त्याच्या पश्चिमेला, वाड्यांचा आणि बागायतीचा गाव होता.

या भागात मी बरीच वर्षं पायी फिरतो आहे. नव्या माणसांना बरोबर नेतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ती माणसं इमारती शोधत फिरतात आणि दमून परत जातात, कारण इथल्या बऱ्याच इमारती ताडपत्रीमागे, वायरींमागे आणि पाट्यांमागे दडलेल्या आहेत. मग मी सांगतो, इमारती राहू द्या, नावं वाचा. गल्लीचं, वाडीचं, चौकाचं नाव वाचलं की तिथे कोण राहत होतं, काय विकत होतं, पाणी कुठे होतं, हे सगळं उलगडायला लागतं. पुढची सगळी वाट मी त्याच धाग्याने सांगणार आहे.

निघण्याआधी: घरी बसून करायचं काम

फोनवर नकाशा उघडा. एका बाजूला चर्नी रोड स्टेशन, दुसऱ्या बाजूला मशीद स्टेशन आणि खाली सीएसएमटी. या त्रिकोणातली आणि त्याच्या थोडं वरची, उत्तरेकडची नावं एका कागदावर उतरवून घ्या. अर्धा तास लागेल. फोनमध्ये लिहू नका. कागद हातात असला की चालता चालता त्यावर टिपता येतं, आणि कागद बघून लोक आपणहून बोलायला येतात. फोन बघून कुणी येत नाही.

आता त्या नावांचे गट करा. पाण्याची नावं आधी शोधा, कारण ती सगळ्यात जास्त बोलतात: पायधुणी, धोबी तलाव, सी. पी. टँक (कावसजी पटेल तलाव), दोन टाकी, खारा कुवा, उमरखाडी. यातल्या बहुतेक ठिकाणी आज पाण्याचा थेंब दिसणार नाही. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, मग तलावांची गरज कमी झाली, पुढे मलेरियाच्या भीतीने ते बुजवले गेले. नावं तेवढी राहिली.

दुसरा गट झाडांचा आणि शेतीचा: फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी, खेतवाडी, मुगभाट, चिंच बंदर. 'भाट' म्हणजे बागायत, नारळी-पोफळीची जमीन. तिसरा गट धंद्यांचा: झवेरी बाजार, लोहार चाळ, सुतार चाळ, तांबा काटा, कुंभारवाडा. मांडवीही यातच घाला, कारण मांडवी म्हणजे जकातीचं नाकं. चौथा गट माणसांचा, म्हणजे ज्यांच्या नावाने रस्ते आणि बाजार आहेत ते: शेख मेमन, मंगळदास, मुळजी जेठा, सॅम्युअल, केशवजी नाईक, खोत. ही सहा नावं एका ओळीत वाचून बघा. मेमन, गुजराती, बेने इस्रायली (कोकणातले ज्यू), कच्छी, पाठारे प्रभू. या भागातली वस्ती कशी होती हे सांगायला वेगळं काही लागत नाही.

वार आणि वेळ

हा भाग एका दिवसात बघायचा नाही. अंतर कमी आहे, चर्नी रोडपासून मशीद स्टेशनपर्यंत सरळ चालत गेलं तर फार तर दोन-अडीच किलोमीटर. पण इथे सरळ चालताच येत नाही, आणि चालावंही वाटत नाही. तीन फेऱ्या करा, तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी.

पहिली फेरी कामाच्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला. रविवारी कापडबाजार बंद असतो आणि बाजार बंद असला की शेख मेमन स्ट्रीटचा जीवच जातो. दुसरी फेरी, भेंडी बाजाराची, दुपार कलल्यावर सुरू करा म्हणजे संध्याकाळ तिथे मिळेल. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मशिदींच्या आसपास रस्ते भरलेले असतात, तेव्हा पाहुण्याने मधे लुडबुड करू नये. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटची जुन्या वस्तूंची दुकानंही शुक्रवारी बंद असतात. तिसरी फेरी, भुलेश्वर ते गिरगाव, सकाळी लवकर. सातला पोहोचलात तर फुलं उतरताना दिसतील.

मे महिन्यात आणि भर पावसात पहिल्यांदा जाऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत, पाणी तुंबतं, छत्र्या एकमेकींत अडकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

पायात बंद चपला किंवा बूट, पण पटकन काढता येतील असे, कारण देवळात आणि मशिदीत ते काढावे लागतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. एक रुमाल किंवा ओढणी डोकं झाकायला. पाठीवरची बॅग पोटावर घ्या. त्यात चोरीची भीती कमी, हमालाची सोय जास्त आहे. तुमची फुगलेली बॅग त्याच्या वाटेत येते.

पहिली फेरी: क्रॉफर्ड मार्केट ते पायधुणी

सीएसएमटीला उतरून दादाभाई नवरोजी रोडने उत्तरेला चालत जा, दहा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा दिसेल. नव्या नावाने महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत १८६९ ची, वास्तुकार विल्यम इमर्सन, आणि जुनं नाव आर्थर क्रॉफर्ड या पहिल्या म्युनिसिपल कमिशनरचं. प्रवेशद्वाराच्या कमानींवर शेतकऱ्यांची, बाजारहाटाची दगडी चित्रं कोरली आहेत, ती लॉकवुड किपलिंगची. तो समोरच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवत असे. चित्रं बघायला रस्त्याच्या पलीकडे उभं राहावं लागतं, दाराशी गेल्यावर दिसत नाहीत. आत फळबाजारात फार वेळ घालवू नका, तिथे नवख्याला बोलावून बोलावून हैराण करतात.

मंडईच्या बाजूने शेख मेमन स्ट्रीट आत शिरतो. हा आपला मुख्य रस्ता. त्यावर डाव्या-उजव्या बाजूंना मंगळदास मार्केट, जामा मशीद, मुळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार आणि शेवटी मुंबादेवी असं सगळं एकापाठोपाठ येतं.

इथे चालायची एक रीत आहे, ती आधी शिका. रस्ता हातगाडीवाल्यांचा आणि डोक्यावर गाठोडी वाहणाऱ्या हमालांचा आहे. त्यांच्या पाठीवर किंवा गाडीवर एवढं वजन असतं की एकदा चाल धरली की थांबणं त्यांना परवडत नाही. थांबले तर पुन्हा सुरुवात करायला सगळी ताकद लागते. म्हणून मागून 'साइड, साइड' अशी हाक आली की वळून बघू नका, आधी बाजूला व्हा. वळून बघण्यात जो क्षण जातो त्यात त्याची चाल तुटते. मधोमध थांबायचं नाही. काही बघायचं असेल तर दुकानाच्या पायरीला लागून उभं राहायचं आणि दुकानदाराकडे बघून मान हलवायची. एवढं केलं की तो तुम्हाला उभं राहू देतो, बहुतेकदा 'कुठून आलात' असं विचारतो.

मंगळदास मार्केटमध्ये छपराखाली कापडाच्या गाळ्यांच्या रांगाच रांगा आहेत. इथे किरकोळ गिऱ्हाइकालाही कापड मिळतं. मुळजी जेठा मार्केट घाऊक. तिथे पांढऱ्या गाद्यांवर बसलेले व्यापारी दिसतील. गादी म्हणजे बैठक आणि गादी म्हणजे पेढीही. आपण काही घ्यायला आलेलो नाही हे आधीच सांगावं. कामाच्या गर्दीत उगाच ठाण उघडायला लावू नये.

जामा मशीद याच रस्त्यावर आहे आणि नावांच्या कागदाशी तिचं घट्ट नातं आहे. १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. पाण्यातून कमानी वर येतात आणि त्या कमानींवर वरची इमारत पेललेली आहे. पायऱ्या उतरून तलावाशी जाता येतं, हिरवट पाण्यात मासे फिरत असतात. बाहेरच्या रस्त्यावर कानठळ्या बसवणारा गोंगाट आणि आत हे पाणी. आत जाण्याआधी दारावरच्या माणसाला विचारा, नमाजाची वेळ टाळा, नकार मिळाला तर हुज्जत घालू नका. शहराच्या या भागातला प्रत्येक तलाव बुजला असताना हा टिकला, कारण तो प्रार्थनेआधी हात-पाय धुण्यासाठी वापरात राहिला. हे पाणी पाहिल्यावर 'धोबी तलाव' आणि 'सी. पी. टँक' ही नुसती नावं राहत नाहीत.

झवेरी बाजारात वर बघून चाला. खाली झगमगीत पेढ्या, पण वरच्या मजल्यांवर लहान लहान खोल्यांतून दागिने घडवणारे कारागीर बसलेले असतात. त्यांतले बरेच बंगालचे आहेत, म्हणून या गल्ल्यांत बंगाली कानावर येतं आणि बंगाली पद्धतीचं जेवण देणाऱ्या खानावळीही आहेत. पहाटे किंवा उशिरा रात्री आलात तर घमेलावाले दिसतील. दुकानांच्या दारातली, गटाराच्या तोंडाशी साचलेली माती ते झाडून घमेल्यात घेतात आणि पाण्याने चाळून चाळून त्यातून सोन्याचे कण वेगळे करतात. कारागिराच्या कपड्यांतून, पायांतून बाहेर पडलेलं हे सोनं. त्याच्यावर इथे कुटुंबं जगली आहेत. या बाजाराची श्रीमंती कुठवर झिरपते ते या माणसांकडे बघून कळतं.

इथे कॅमेरा बाहेर काढू नका. १९९३, २००३ आणि २०११ अशा तीन वेळा या बाजाराने बॉम्बस्फोट सोसले आहेत. दारांची, जिन्यांची छायाचित्रं घेणाऱ्या अनोळखी माणसाकडे लोक संशयाने बघतात, आणि त्यांचं चुकत नाही.

मुंबादेवी ही कोळ्यांची देवी आणि शहराचं नाव तिच्यावरून. तिचं मूळ देऊळ आजच्या सीएसएमटीच्या परिसरात होतं. कोटाचा विस्तार करताना इंग्रजांनी ते हलवलं आणि १८ व्या शतकात देवी इथे आली. म्हणजे तुम्ही सकाळपासून चाललेली वाट साधारण देवीचीच वाट आहे. देवळाजवळ तलाव होता, तोही बुजवला. मंगळवारी गर्दी खूप, बाकी दिवशी शांतपणे दर्शन होतं. दारातल्या फुलवाल्या, नारळवाल्या बायकांशी मराठीत बोला, त्यांना बरं वाटतं.

तिथून पुढे पायधुणी. इथे थांबा आणि कागद काढा. मुंबई सात बेटांची होती तेव्हा भरतीचं पाणी वरळीच्या खिंडीतून आत येई आणि थेट इथवर पसरे. ते ओलांडून या बेटावर आलेला माणूस इथे पाय धुवून गावात शिरायचा. १८ व्या शतकाच्या अखेरीस वरळीचा बांध पुरा झाला, पाणी आटलं, वस्ती वाढली. आज या चौकाच्या आसपास गोडीजी पार्श्वनाथाचं जैन देरासर आहे, मशिदी आहेत, हिंदू देवळं आहेत, सगळी हाकेच्या अंतरावर. बाहेरून येणाऱ्याने जिथे पहिलं पाऊल टाकलं तिथेच सगळ्यांनी आपापले देव मांडले, असं मला इथे उभं राहिलं की दरवेळी वाटतं.

पहिली फेरी इथे संपवा. परत जाताना क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहमध्ये फालुदा घ्या, ते दुकान १९०५ पासून आहे. जेवायचं असेल तर काळबादेवीत गुजराती थाळी. श्री ठाकर भोजनालय १९४५ चं. तिथे वाढणारा थांबत नाही, पुरे झालं की ताटावर हात आडवा धरायचा.

फोटोंविषयी, जरा सविस्तर

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका गल्लीत ओट्यावर बसून हिशेब लिहिणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो न विचारता काढला. सुंदर उजेड होता, लाल कापडी बांधणीची वही होती, मोह आवरला नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, विचारलं असतंत तर वही नीट धरली असती." रागावले नाहीत. मला मात्र तो फोटो ठेववेना, त्यांच्यासमोरच पुसून टाकला. मग त्यांनी शेजारी बसवून घेतलं, चहा मागवला आणि त्या गल्लीत आधी कोणकोण होतं ते तासभर सांगितलं. तेव्हापासून मी पहिल्या भेटीत फोटो काढत नाही. दुसऱ्या भेटीत लोक स्वतःहून 'काढा की' म्हणतात.

तुम्हीही पहिल्या फेरीत कॅमेरा बंद ठेवा. डोळ्यांना आणि कानांना काम द्या. दुकानांवर आता मराठी पाट्या सक्तीच्या आहेत, पण नजर थोडी वर नेलीत तर गिलाव्यात कोरलेली गुजराती अक्षरं, उर्दू नावं, इमारतीचं साल, कधी नुसतीच देणगीदाराच्या आईचं नाव असं सापडतं. ती अक्षरं पाटीसारखी बदलत नाहीत. कागदावर टिपून ठेवा.

दुसरी फेरी: मशीद बंदर आणि भेंडी बाजार

मशीद स्टेशनला उतरा. नाव वाचून कुणालाही मुसलमानांची मशीद वाटेल. पण जवळच सॅम्युअल स्ट्रीटवर एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, आहे. नाव शार हारहामिम, म्हणजे दयेचं दार. बेने इस्रायली लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत आले आणि स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं असं मानलं जातं. १७९६ साली ते स्थापन केलं सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी. मराठीत त्यांना समाजी हसाजी दिवेकर म्हणत. कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले, सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असं त्यांनी ठरवलं होतं अशी हकीकत सांगतात.

मराठी माणसाने इथे मुद्दाम जावं. बेने इस्रायली कोकणातून आले. तिथे ते तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून, दिवेकर, केहीमकर, पेणकर. घरची भाषा मराठी. त्यांच्यात मराठीतून कीर्तनं होत. एवढं आपलं माणूस आणि आपल्यातल्या फार थोड्यांना त्याची ओळख असते, याचं मला वाईट वाटतं. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, मागे राहिलेली थोडी. शनिवार आणि सणाचे दिवस टाळा, ओळखपत्र बरोबर ठेवा, आत जायला मिळेल का हे दारावर विचारा. सुरक्षेच्या कारणाने कधी कधी मिळत नाही.

तिथून मोहम्मद अली रोड ओलांडून भेंडी बाजार. या नावाविषयी दोन मतं आहेत. इंग्रज क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या भागाला 'बिहाइंड द बझार' म्हणत, त्याचं भेंडी बाजार झालं, हे एक. इथे भेंडीची झाडं होती, हे दुसरं. भेंडी म्हणजे भाजीची नव्हे, पिवळ्या फुलांचं, किनाऱ्याकडे वाढणारं झाड. फणसवाडी आणि चिंच बंदर शेजारी असताना मला दुसरं मत पटतं.

गाण्याची आवड असणाऱ्यांना हे नाव आधीपासून ठाऊक असेल. मुरादाबादहून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू १९ व्या शतकाच्या अखेरीस इथे राहिले आणि त्यांच्या गायकीला वस्तीचंच नाव मिळालं, भेंडी बाजार घराणं. नजीर खाँसाहेबांच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर गोव्याच्या. उत्तरेतले उस्ताद, गोव्याची शिष्या, मुंबईची गल्ली. घराण्यांची नावं एरवी ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशी राजधान्यांची आणि दरबारी शहरांची असतात. इथे एका बाजाराचं आहे.

आज तुम्हाला इथे उंच उंच नव्या इमारती दिसतील. दाऊदी बोहरा या शिया मुसलमानांतल्या व्यापारी समाजाच्या ट्रस्टने साडेसोळा एकरांवरचा पुनर्विकास हाती घेतला आहे, जुन्या सुमारे अडीचशे इमारती त्यात येतात. त्यांच्या मधोमध रौदत ताहेरा हा पांढऱ्या संगमरवराचा मकबरा आहे. आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण सोन्याच्या अक्षरांत कोरलेलं आहे. डोकं झाकून, परवानगी घेऊन जा. बाहेर पडलात की रिदा, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचा रंगीत पोशाख, घातलेल्या बोहरा बायका आणि सोनेरी काठाच्या पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष दिसतील. त्यांची बोली ऐका. गुजराती वाटते, शब्द अरबी असतात, लिहितात अरबी लिपीत.

थोडं पुढे इमामवाडा रोडला मुघल मशीद, १८६० ची, इराणी शिया व्यापाऱ्यांची. निळ्या-हिरव्या फरशांनी मढवलेला दर्शनी भाग, घुमट नाही, समोर बाग आणि पाण्याचा हौद. पुन्हा पाणी. मोहरमच्या काळात हा परिसर शोकात असतो, तेव्हा पर्यटक म्हणून जाऊ नये.

संध्याकाळी भूक लागेलच. ताज आइसक्रीमवाले १८८७ पासून हाताने फिरवलेलं आइसक्रीम विकतात, सीताफळाचं मिळालं तर सोडू नका. मांसाहारी असाल तर नूर मोहम्मदीची नल्ली निहारी. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा आणि फिरनी खायला सगळी मुंबई लोटते. रमजानमध्ये दिवसा तिथे जाणार असाल तर रस्त्यात खाऊ-पिऊ नका, एवढं भान ठेवा.

तिसरी फेरी: भुलेश्वर ते गिरगाव

आता मेट्रो ३ मुळे हे सोपं झालं आहे. काळबादेवी स्थानकावर उतरायचं आणि शेवटी गिरगाव स्थानकावरून किंवा चर्नी रोडवरून परतायचं.

सकाळी आधी भुलेश्वर. फुलगल्लीत झेंडू, मोगरा, तुळशीचे भारे, एकादशीच्या आदल्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते. पूजेचं साहित्य, देवांचे पोशाख, बांगड्या, नकली दागिने, सगळं इथे. देवाला मुकुट हवा असेल तर मापाने मिळतो.

तिथून पांजरापोळ शोधा. बाजाराच्या ऐन मध्यात शेकडो गाई. याची कथा १८३२ ची. सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, पारशी समाज खवळला, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुक्या जनावरांसाठी ही संस्था काढली. एक पारशी, एक जैन. दारात चाऱ्याच्या पेंढ्या मिळतात, एक घ्या आणि आत जा, मुलं बरोबर असतील तर नक्कीच. जनावरांच्याच काळजीतून आलेलं आणखी एक नाव तुमच्या कागदावर आहे, चर्नी रोड. ते चरणी, म्हणजे गुरं चरायची जागा, यावरून आलं असं सांगतात. इंग्रजांनी मैदानात गुरं चारण्यावर कर बसवला तेव्हा जमशेटजींनीच ठाकूरद्वारच्या बाजूला जमीन घेऊन गुरांना मोकळी केली.

सी. पी. टँक ओलांडून, माधवबागेवरून गिरगावात उतरलात की आवाज बदलतो. गाळे आणि पेढ्या मागे राहतात, चाळी सुरू होतात. लाकडी गॅलऱ्या, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, खाली गणपतीच्या मंडळाचा फळा. काही इमारतींना लाकडी किंवा लोखंडी टेकू लावलेले दिसतील. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. पागडीवर, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन मग नाममात्र भाड्याने, राहणारी कुटुंबं पिढ्यानपिढ्या त्याच खोल्यांत राहू शकली, पण त्या भाड्यात मालकाला दुरुस्ती जमेना. वस्ती टिकली आणि भिंती खचल्या, दोन्ही एकाच कायद्याने झालं. टेकू लावलेल्या इमारतीच्या जिन्यात 'बघायला' म्हणून चढू नका.

फणसवाडीत जा. एकाच वाडीत पारश्यांची दादीशेठ आतश बेहराम (सर्वोच्च दर्जाचं अग्निमंदिर) आहे, १७८३ ची, मुंबईतल्या आतश बेहरामांत सगळ्यात जुनी. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, बाहेरूनच नमस्कार करावा. त्याच वाडीत दाक्षिणात्य पद्धतीचं गोपुर असलेलं व्यंकटेशाचं देऊळ आहे आणि आजूबाजूला मराठी चाळी. वाडीच्या तोंडाशी विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाऊन घ्या, पुढची वाट बरीच आहे.

खाडिलकर रोडवर केशवजी नाईकांची चाळ. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथे बसला. आजही मूर्ती लहान असते, उत्सव साधा, पालखीतून मिरवणूक. शेजारच्या खेतवाडीच्या गल्ल्यांतले उंच गणपती बघून मग इथे आलात तर दोन्हींतलं अंतर लक्षात येईल. ही चाळ लोकांचं घर आहे, गणपतीचे दिवस सोडून आत शिरताना विचारा.

शेवटी खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना इथे जागा विकल्या, नाव मात्र त्यांचं राहिलं. ईस्ट इंडियन म्हणजे पोर्तुगिजांच्या काळात ख्रिस्ती झालेले इथलेच मूळचे लोक. घरी बोलतात ती मराठीचीच एक बोली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली तेव्हा, त्यांनी स्वतःला हे नाव घेतलं, म्हणजे नोकऱ्यांसाठी बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळं ओळखू यावं. वाडीत एकेकाळी ६५ च्या आसपास घरं होती, आता तिसाच्या आत उरली आहेत. रंगीत लाकडी जिने, व्हरांडे, वाडीच्या तोंडाशी क्रूस. सगळ्यांना इथे फोटो काढायचे असतात आणि राहणारे त्याला कंटाळले आहेत, जागोजागी तसं लिहूनही ठेवलं आहे. व्हरांड्यात बसू नका, दारावर रेलू नका, आवाज खाली ठेवा. कुणी आजी बाहेर बसल्या असतील तर मराठीत विचारपूस करा. त्यांचे काही शब्द कोळी-आगरी बोलीतले वाटतील, काही पोर्तुगीज. बॉटल मसाला म्हणजे काय, त्यात किती जिन्नस पडतात, हे विचारलंत तर निघायला उशीर होईल.

काही किरकोळ पण कामाचं

सुट्टे पैसे ठेवा, फोनवरून पैसे सगळीकडे चालतात पण पेंढीवाल्या मावशीकडे रोख लागतात. स्वच्छतागृहासाठी रेल्वे स्टेशन, मेट्रो स्थानक किंवा जेवायला बसाल ती जागा, गल्लीत शोधत बसू नका. बायकांनी एकटीने फिरायला दिवसा हा भाग चांगला आहे, रस्ता कधीच ओस नसतो. वाट चुकलात तर नकाशा बघण्याऐवजी पानवाल्याला विचारा, पण रस्त्याचं अधिकृत नाव सांगू नका, ते त्यालाही ठाऊक नसतं. वाडीचं, देवळाचं किंवा तलावाचं जुनं नाव सांगा.

आणि तो कागद टाकू नका. तीन फेऱ्या झाल्या की त्यावर नवी नावं भरलेली असतील, कुणीतरी सांगितलेली, नकाशात नसलेली. चौथ्या खेपेला त्यांतलंच एखादं नाव घेऊन निघा.